नकाशातली कोरी जागा

मंडळी, ताडोब्यातल्या एका संरक्षण कुटीत मी बसलो होतो. बाहेर पाऊस. वनरक्षक नुकताच गस्तीवरून आला होता. त्यानं भिजलेले बूट दाराशी उपडे घातले, प्लॅस्टिकच्या पिशवीतून मोबाइल काढला आणि महिन्याभराच्या गस्तीचा नकाशा माझ्यासमोर धरला. त्याच्या बीटभर, म्हणजे त्याच्याकडे सोपवलेल्या जंगलाच्या तुकड्यावर, तांबड्या रेघांचं जाळं होतं. एका नाल्यापलीकडे मात्र एकही रेघ नव्हती.

हे ॲप म्हणजे एम-स्ट्राइप्स. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आणि भारतीय वन्यजीव संस्था यांनी २०१० साली ही पद्धत आणली. जंगलात रेंज नसली तरी बिघडत नाही, कारण जीपीएसला मोबाइलचा टॉवर लागत नाही. वनरक्षक चालेल तशी रेघ उमटत जाते. पगमार्क म्हणजे पंजाचा ठसा, विष्ठा, ताजं तोडलेलं खोड, तारेचा फास, जे दिसेल त्याचा फोटो काढायचा. जागा आणि वेळ आपोआप नोंदली जाते. पूर्वी हे सगळं नोंदवहीत असायचं, आणि तिथंच राहायचं.

उन्हाळ्यात आणखी एक नकाशा कामाला येतो. मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळतात, त्यातून वणवा पेटतो. उपग्रहाला ती धग दिसते आणि मोबाइलवर संदेश येतो. पण उपग्रहाचा तो ठिपका ३७५ मीटरच्या चौकोनाचा असतो, म्हणजे जवळपास पस्तीस एकर! त्यात आग नेमकी कुठं आहे, हे माणसानंच जाऊन पाहायचं.

आता मला खटकणारी गोष्ट सांगतो. काही ठिकाणी हा नकाशा हजेरीपटासारखा वापरतात. किती किलोमीटर झाले, एवढंच विचारतात. मग माणूस सोयीच्या गाडीरस्त्यानं चालतो, किलोमीटर भरतात, आणि गचपण तसंच राहतं. माझं म्हणणं असं की नकाशा हातात आला की आधी कोरी जागा पाहा. तिथं काही घडलेलं नाही, की तिथं कुणी गेलेलंच नाही?

२०१९ मध्ये टिपेश्वरच्या एका तरुण वाघाला जीपीएस कॉलर लावली होती. टी-वन-सी-वन हे त्याचं नाव. यवतमाळ जिल्ह्यातून निघून, तेलंगणात जाऊन, शेतं, ओढे, महामार्ग ओलांडत तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. सगळी चाल मिळून तीन हजार किलोमीटरच्या घरात. आपल्या नकाशावर दोन अभयारण्यांच्या मधला जो भाग पांढरा असतो, त्यातूनच त्याचे ठिपके गेले होते.

तर त्या नाल्याचं मी विचारलं. वनरक्षक म्हणाला, ‘साहेब, नाला छातीभर वाहून राहिला. पलीकडं जायचं तर शेजारच्या बीटातून दीड तासाचा फेरा पडते.’ १ जुलै ते ३० सप्टेंबर गाभा क्षेत्रातलं पर्यटन बंद असतं. जिप्सी नाहीत, वर्दळ नाही. शिकाऱ्याला हेच दिवस सोयीचे.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या बीटाच्या वनरक्षकाला सोबत घेऊन आम्ही त्या फेऱ्यानं गेलो. चिखलात सांबरांचे खूर होते. पुढं पायवाटेवर एका चपलेचा ताजा ठसा दिसला. आमच्या तिघांच्याही पायांत बूट होते. वनरक्षकानं खाली बसून फोटो काढला, आणि नाल्यापलीकडे पहिली नोंद झाली.