काळा करदोडा आणि घामातलं मीठ

नमस्कार मंडळी.

नवतपा तोंडावर आलाय, कूलरच्या टाकीत भरलेलं पाणी दुपारपर्यंत पुरत नाही, आणि कार्यक्रमवाल्यांनी मला सांगितलंय की लेकरांच्या एका दुर्मीळ आजारावर बोला. आजाराचं नाव सिस्टिक फायब्रोसिस. नाव अवघड आहे, विसरलात तरी मी रागावणार नाही. लक्षात एवढंच ठेवा: घाम. जे लेकरू उन्हाळ्यात पुन्हा पुन्हा गळून पडतं, खाऊनपिऊन अंगी लागत नाही, आणि ज्याचा पापा घेतला की ओठाला मीठ लागतं, त्याचा घाम तपासायचा. रक्त-लघवी तर सगळेच तपासतात. याचा घाम तपासायचा.

तुम्ही म्हणाल, डॉक्टर, घाम कोणाचा गोड असतो? बरोबर आहे. डवऱ्यामागून घरी आलेल्या माणसाच्या बंडीवर मिठाचे पांढरे नकाशे आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत. मग या लेकरांचा घाम वेगळा, हे कोणाला आणि कसं कळलं? इथं मला माझी आवडती गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. माझ्या हाताखालून गेलेले डॉक्टर आजही कुठं लग्नात भेटले की म्हणतात, सर, ती न्यूयॉर्कची गोष्ट सांगा. सांगतो.

न्यूयॉर्कमध्ये डोरोथी अँडरसन नावाच्या एक डॉक्टरीण बाई होत्या. त्यांना सर्जन व्हायचं होतं. पण बाईमाणसाला शस्त्रक्रियेचं पुढचं शिक्षण द्यायला रुग्णालय तयार नव्हतं. आपल्याकडे आजही मुलगी म्हणाली की मला सर्जरी घ्यायची, तर घरातले म्हणतात, बाई, त्यापेक्षा त्वचारोग घे, रात्री उठावं लागत नाही. असो. तर अँडरसनबाई गेल्या शवविच्छेदनाकडे. बाई मोठ्या हिकमती. स्वतःच्या झोपडीचं सुतारकाम स्वतः करायच्या. एकदा त्यांच्यासमोर एक मूल आलं. कागदावर लिहिलेलं होतं की गव्हाचं पीठ न सोसणारा पोटाचा आजार, सिलिॲक. बाईंनी पोट उघडून पाहिलं तर स्वादुपिंडाचं, म्हणजे अन्न पचवणारा रस करणाऱ्या ग्रंथीचं, काही वेगळंच झालेलं. जागोजागी गाठी आणि कडक तंतू. दुसरा कोणी असता तर नोंद करून पुढं गेला असता. बाईंनी जुनी दप्तरं उपसली, तशीच मुलं शोधून काढली, आणि 1938 साली या आजाराचं पहिलं नीट वर्णन छापलं. आजाराला नाव मिळालं. पण ओळखायचा कसा? जिवंतपणी ओळखायचा तर तान्ह्या पोराच्या घशातून आतड्यापर्यंत नळी घालून पाचक रस काढायचा. त्या काळात यातली बहुतेक मुलं शाळेचं तोंड बघण्याआधीच जात.

आता चला 1948 च्या ऑगस्टमध्ये. न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची लाट आली. पारा चाळिशीच्या घरात. हसू नका. आपल्या चंद्रपूर-ब्रह्मपुरीला एप्रिलमध्ये एवढा पारा असला तर लोक म्हणतात, यंदा ऊन कमीच आहे. पण त्या थंड मुलखाला ते झेपेना. बाळांच्या इस्पितळात उन्हानं गळालेली मुलं येऊ लागली. डोळे आत गेलेले, अंग सैल, मान टाकलेली. आपण ज्याला ऊन लागलं म्हणतो तेच. आणि दाखल झालेल्या मुलांची नावं वाचता वाचता डॉक्टरांच्या ध्यानात आलं की यांतली बरीच मुलं तर अँडरसनबाईंच्या त्या दुर्मीळ आजाराची आहेत!

थांबा, इथं थोडं थांबू. ऊन सगळ्या शहरावर सारखं. गल्लीतली दुसरी हजारो मुलं त्याच उन्हात होती. मग हा आजार असलेलीच मुलं एवढी का आडवी पडली? अँडरसनबाईंनी आणि वॉल्टर केसलर या त्यांच्या सहकाऱ्यानं 1951 साली ही गोष्ट लिहून काढली. आणि त्याच इस्पितळातले एक डॉक्टर, मूळचे रोमचे, पॉल दि सांत आन्येसे, ते त्या प्रश्नाच्या मागं लागले.

अडचण अशी होती, की तेव्हाचे मोठमोठे डॉक्टर मानत, हा चिकट स्रावाचा आजार आहे. फुफ्फुसात चिकट कफ, स्वादुपिंडात चिकट रस. घामाच्या ग्रंथीत चिकट काहीच नसतं. सूक्ष्मदर्शकाखाली ती ग्रंथी अगदी ठणठणीत दिसते. मग तिच्याकडे कशाला बघायचं? सगळ्यांनी हेच म्हटलं. आन्येसे यांनी म्हटलं, बघू तर खरं. मुलांना गरम खोलीत ठेवून घाम काढला, गोळा केला, मोजला. आणि 1953 साली छापून आलं: या मुलांच्या घामात मीठ इतर मुलांच्या कित्येक पट आहे. बरं, फक्त उन्हात नव्हे. हिवाळ्यातही. मूल आजारी असताना आणि हसत-खेळत असतानाही. ग्रंथी दिसायला ठणठणीत, पण काम चुकतंय. म्हणून ती मुलं उन्हात पडली. घामावाटे अंगातलं मीठच निघून जात होतं.

मला ही गोष्ट का आवडते सांगू? यात कुठलंही मोठं यंत्र नाही. ऊन, घाम, आणि हीच मुलं का, असं विचारणारा एक माणूस. आपल्याकडे ऊन काही कमी नाही आणि घामही नाही. विचारण्याचं तेवढं जमवायचं आहे.

पुढं 1959 साली गिब्सन आणि कुक या दोघांनी घाम काढायची सोपी रीत बसवली. त्याआधी लेकरांना प्लास्टिकमध्ये गुंडाळून घाम काढत, आणि ते जिवावर बेतायचं. नव्या रीतीत हातावर पायलोकार्पिन नावाचं औषध लावायचं, अगदी हलकी वीज सोडायची, मुंग्या आल्यासारखं वाटतं, आणि त्याच जागेचा घाम अर्ध्या तासात टिपून घ्यायचा. सुई नाही. आजही जगभर हीच तपासणी. घामातलं क्लोराईड, म्हणजे मिठाचाच एक भाग, लिटरला 60 मिलिमोल किंवा वर असेल तर आजार जवळपास नक्की, 30 च्या खाली असेल तर शक्यता कमी. मधल्या आकड्याला पुन्हा तपासणी आणि जनुकाची तपासणी. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी तर घाम गोळा करायची देशी, स्वस्तातली पद्धत बनवून 2002 साली छापली. म्हणजे हे काही अमेरिकेतच होतं असं नाही.

गोष्टीचं शेपूट राहिलं. मीठ घामात राहून का जातं? त्याचं उत्तर 1983 साली पॉल क्विंटन यांनी दिलं. या शास्त्रज्ञाला स्वतःलाच हा आजार. त्यांनी आपल्याच कातडीतल्या घामग्रंथी काढून तपासल्या, आणि दाखवलं की घाम बाहेर येताना वाटेत क्लोराईड परत अंगात ओढून घ्यायचं असतं, ती वाटच बंद आहे. 1989 साली त्या वाटेचं जनुक सापडलं.

बाकी आजाराचं वर्णन थोडक्यात. घामग्रंथीत मीठ परत येत नाही. फुफ्फुसात उलट होतं, मीठ-पाणी बाहेर पडत नाही, म्हणून कफ डिंकासारखा घट्ट होतो आणि त्यात जंतू घर करतात. स्वादुपिंडाचा रस आतड्यात उतरत नाही, म्हणून तेलकट, घाण वासाचं, ढीगभर शौच होतं, आणि मूल वखवखून खातं तरी फासळ्या दिसतात. हा संसर्ग नाही. कोणाला कोणापासून लागत नाही. आईबाप दोघेही वाहक असतील, म्हणजे स्वतः धडधाकट पण अंगात बिघडलेलं जनुक, तर दर खेपेला 4 मध्ये 1 शक्यता. हे गणित विदर्भात कोणाला शिकवायला नको. सिकलसेलचं एएस-एएस, म्हणजे आईही वाहक, बापही वाहक, म्हणजे काय, ते आपल्याकडे आशाताईसुद्धा बोटावर सांगतात. हे तसंच.

आता आपल्याकडचं बोलतो. हा गोऱ्यांचा आजार, आपल्यात नसतो, असं आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं. असतो. कमी असतो, पण ओळखला त्याहून कमी जातो. एका मे महिन्यात खेड्यातली एक आजी नातवाला घेऊन आली. सात-आठ महिन्यांचं पोर. मान टाकलेली. त्याआधी कुठंतरी सलाईन लावून झालं होतं, पुन्हा लावून झालं होतं. आपल्याकडे सलाईनवर श्रद्धा फार. बाटली टांगली की नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो. मग पेशंटचं काय व्हायचं ते होवो. तर आजी म्हणाली, "डॉक्टरसायेब, याचा करदोडा पाहा जी. काया बांधला होता मी, कसा पांढरा पडला." मी वाकून पाहिलं. काळ्या दोऱ्याच्या पिळात मिठाचे बारीक कण बसलेले. नखानं खरवडले तर भुरभुर पडले. रक्तात सोडियम कमी, पोटॅशियम कमी, क्लोराईड कमी, आणि जुलाब नाही, उलटी नाही. उष्ण मुलखात हा आजार पुष्कळदा असाच येतो, मूत्रपिंडाच्या एका आजाराचं सोंग घेऊन. पोराला मोठ्या गावी पाठवलं, घाम तपासला, निदान झालं. आजीनं केलं ते निरीक्षण कुठल्याही पुस्तकातल्यापेक्षा कमी नव्हतं.

दुसरं सोंग टीबीचं. खोकला जात नाही, वजन वाढत नाही, छातीच्या फोटोत डाग, म्हणून टीबीच्या गोळ्या सुरू. कोर्स संपला, खोकला तसाच, पुन्हा कोर्स. बेडक्यात टीबीचे जंतू सापडलेच नसतील आणि दुसऱ्यांदा गोळ्या देत असतील, तर विचारा: साहेब, घाम तपासायचा का?

उपचाराचं. अन्नाबरोबर पाचक रसाच्या कॅप्सूल, त्यातले दाणे चावायचे नाहीत. तूप, शेंगदाणे, अंडी भरपूर. याला तेल-तूप बंद करा म्हणणारा शेजारी भेटेल, त्याला चहा पाजून वाटेला लावा. रोज छातीचा व्यायाम करून कफ काढायचा. खारं पाणी वाफाऱ्याच्या यंत्रातून ओढायचं. ऑस्ट्रेलियात समुद्राच्या लाटांवर खेळणाऱ्या रुग्णांची छाती बरी राहते असं दिसलं, त्यावरून हे सुचलं, आणि 2006 साली तिथल्याच अभ्यासात 7 टक्के मिठाच्या पाण्यानं छातीचे बिघाड कमी झाले. घरी मीठ कालवून वाफ घेऊ नका, ते पाणी निर्जंतुक आणि मोजून केलेलं असतं. आणि उन्हाळ्यात या लेकरांना जादा मीठ, तेही डॉक्टर मोजून देतील तेवढंच. निरोगी तान्ह्याला मीठ चारायला जाऊ नका, हे बजावून सांगतो. आणि दोन महिन्यांचं बाळ घेऊन भर दुपारी टेम्पोतून वरातीला जाऊ नका. मे महिन्यात लग्नं काढायची ही खोड आपल्याला कोणी लावली कोण जाणे.

नवी औषधं 2012 पासून आली. ती थेट त्या बंद वाटेवर काम करतात. 2019 साली तीन औषधं एकत्र केलेल्या गोळीचा अभ्यास छापून आला. 403 रुग्ण, 24 आठवडे. काहींना औषध, काहींना औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी. औषधवाल्यांची फुंकायची ताकद 14 टक्के अंकांच्या आसपास जास्त निघाली. आणि गोळी लागू पडते का, हे आणखी कशावर मोजलं? घामावर. घामातलं क्लोराईड सरासरी जवळपास 42 मिलिमोलनं उतरलं. म्हणजे 1948 च्या उन्हानं दाखवलेलाच घाम. पुढच्या एका अभ्यासात असंही दिसलं की ही गोळी चालू असलेल्यांनी खाऱ्या पाण्याचा वाफारा सहा आठवडे थांबवला तरी छाती बिघडली नाही. रोजचे दोन-दोन तास उपचारात घालवणाऱ्या पोराला हे केवढं आहे! ज्या देशांत हे सगळं मिळतं, तिथं आज जन्मलेल्या अशा मुलाचं आयुष्य साठीच्या पुढं जाईल असा अंदाज बांधतात.

पण ही गोळी एका ठरावीक जनुकदोषावर सगळ्यात चांगली चालते, आणि तो दोष युरोपात जेवढा आढळतो तेवढा आपल्या मुलांत नाही. म्हणून आधी जनुकाची तपासणी. आणि किंमत? 2019 साली बाजारात आली तेव्हा अमेरिकेत वर्षाला तीन लाख डॉलरच्या आसपास होती. कापसाचा भाव ज्यांना माहीत आहे त्यांना मी आणखी काय सांगू. दुर्मीळ आजारांच्या 2021 च्या राष्ट्रीय धोरणात या आजाराचं नाव आहे, तेव्हा मोठ्या सरकारी रुग्णालयात गेलात की त्या धोरणाखाली काय मिळतं ते जरूर विचारा.

मला काचेपलीकडून हात दाखवताहेत, वेळ झाली. एक चिठ्ठी लिहून ठेवा: "घामातील क्लोराईडची तपासणी". लेकरू उन्हात वारंवार पडत असेल, खोकला हटत नसेल, शौच तेलकट असेल, तर तालुक्याहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून नागपूर-सेवाग्रामकडे जाताना ती चिठ्ठी खिशात असू द्या, आणि बालरोग विभागात डॉक्टरांच्या हातात द्या. जुन्या तपासण्यांचे कागद, छातीचे फोटो, सलाईनची बिलं, सगळं पिशवीत घ्या. लेकराला पाणी पाजत पाजत, सकाळच्या पहिल्या एसटीनं निघा.

नमस्कार.