पूड नको, बियाच घ्या

नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, जिथनं कुठनं ऐकताय त्या सगळ्यांना. आज कॉफीबद्दल बोलूया, म्हणजे खरं तर कॉफी दळण्याबद्दल. बघा, देशातली साधारण 70 टक्के कॉफी आपल्या कर्नाटकात पिकते, चिक्कमगळूर, कोडगू, हासन सगळं याच राज्यात, आणि तरी आपल्या कितीतरी घरांत महिन्यापूर्वी दळलेली पूड डब्यात पडून असते आणि मग म्हणायचं, कॉफीला वासच नाही ओ.

वास जातो कुठं? वेलदोडा सोलून कुटला की घरभर घमघमतो, तीच पूड चार दिवस ठेवली की काही उरत नाही, कॉफीचं अगदी तस्संच. भाजलेल्या बीच्या आत तो वास कोंडलेला असतो, दळली की एका बीचे शेकडो कण होतात, प्रत्येकाला हवा लागते आणि वास लगेच उडायला लागतो. त्यात आपल्याकडचा जून ते सप्टेंबरचा पाऊस, पूड ओल धरते, गोळे होतात. अख्ख्या बिया मात्र हवाबंद डब्यात, उन्हापासून लांब, दोन-तीन आठवडे छान राहतात. फ्रीजमध्ये नका ठेवू, सारखं आतबाहेर केलं की डब्यात पाणी सुटतं.

आता दळायचं कशात? हाताचा ग्राइंडर मिळतो, बर वाला, म्हणजे आत दोन दातेरी चकत्यांमध्ये बी भरडली जाते आणि कण सारखे पडतात, जमत असेल तर तोच घ्या. नसेल तर मिक्सरचं चटणीचं छोटं भांडं चालतं, पण त्यात लसणीचा वास बसलेला असतो, म्हणून आधी चमचाभर कोरडे तांदूळ फिरवून टाकून द्या आणि भांडं पुसा. मग दोन-तीन सेकंद फिरवा, थांबा, हलवा, परत फिरवा. एकदम चालू ठेवलं तर पूड तापते आणि खाली पीठ, वर कणी असं होतं.

जाडी किती ते फिल्टरच सांगतो. स्टीलच्या फिल्टरात वरच्या भांड्यात पूड हलकेच दाबून उकळी बसलेलं पाणी ओतलं की थेंब थेंब पडला पाहिजे, दहा-पंधरा मिनिटं लागली तर बरोबर. मिनिटात सगळं खाली आलं तर जाड झालीय, अर्धा तास अडून बसलं तर फार बारीक. आणि पाणी ओतताना जरा वाकून बघा, ताजी पूड फुगते, वर बुडबुडे येतात, भाजताना बीत तयार झालेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो तो. शिळी पूड नुसती भिजते.

चिकोरीचं काय, असं विचारणार तुम्ही. चिकोरी कॉफी नव्हेच, ते एक मूळ, भाजून दळलेलं, डिकॉक्शनला, म्हणजे फिल्टरातनं खाली उतरलेल्या काळ्या अर्काला, दाटपणा आणि रंग देतं. ऐंशी-वीसची, म्हणजे ऐंशी भाग कॉफी आणि वीस भाग चिकोरीची सवय असेल तर चिकोरी वेगळी घ्या आणि दळलेल्या चार चमच्यांत एक घाला. पण मी म्हणते, एकदा बिनचिकोरीची करून तर बघा, दूध घालायच्या आधी एक घोट.

कॉफी वर्क्समध्ये, म्हणजे कॉफी भाजून दळून देणाऱ्या दुकानात गेलात की एकदम किलोभर नका घेऊ, पावकिलो घ्या, कधी भाजलीय ते विचारा, आणि दुकानदार मशीन चालू करायच्या आधीच सांगा, दळू नका ओ, तशाच द्या.