सद्बुद्धीच्या पुढे काय?

फादर, सिस्टर, आणि मागे दरवाज्यापाशी उभे आहेत ते सगळे, पुढे या हो, पुढच्या खुर्च्या आज कुठल्या पुढाऱ्यासाठी राखीव नाहीत. (हशा) विषय दिलाय राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना कशी करावी, आणि खरं सांगू का, माझ्या डोक्यात यातला एकच मुद्दा कित्येक वर्षं घोळतोय. रविवारी मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, आपण पुढाऱ्यांसाठी जे म्हणतो ना, ती प्रार्थना नसते, टोमणा असतो. 'आमच्या राज्यकर्त्यांना सद्बुद्धी दे.' झालं. आणि आपण एका सुरात, हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक. म्हणजे देवाला सांगितलं काय, तर त्यांना अक्कल नाही, आम्हाला आहे, बघ बाबा काय करायचं ते.

एका चर्चचा सण होता. गावाचं नाव सांगत नाही, तिथले दोन-तीन जण इथे बसलेत आणि ते आत्ताच खाली बघायला लागले. (हशा) निवडणूक तोंडावर. प्रवचन निम्म्यावर आलेलं आणि बाहेर गाड्यांची दारं धाडधाड वाजली. साहेब आले, बरोबर कार्यकर्ते, त्यांना कुठे गुडघे टेकायचे ते माहीत नाही, बिचारे शेजारच्याकडे बघून उठतायत, बसतायत. त्याला मी नावं ठेवत नाही, आपली पोरं पण तेच करतात. पण पहिल्या बाकावर एक म्हातारी नातवाचा हात धरून लवकर येऊन बसली होती, तिला उठवलं. अगदी प्रेमाने, मावशी जरा मागे बसता का, असं म्हणून, पण उठवलं. मागे जागा कुठली असायला, सणाचा दिवस, ती खांबाला टेकून उभी राहिली शेवटपर्यंत. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात दुसऱ्या अध्यायात हाच सीन आहे बघा, सोन्याची अंगठीवाला आला की त्याला इथे बसा, आणि गरिबाला तू तिकडे उभा राहा. आपण ते वाचन दर तीन वर्षांनी ऐकतो.

बरं, मग लोकांच्या प्रार्थना आल्या. वाचणाऱ्या मुलीच्या हातात ऐनवेळी कुणीतरी चिठ्ठी सरकवली, 'आपल्यामध्ये उपस्थित असलेले आपले लाडके, कार्यतत्पर...' पुढची विशेषणं मला पाठ आहेत, जाऊ दे. देवाला पाहुण्यांची ओळख करून देतात का हो? आणि आपण म्हटलं, आमची प्रार्थना ऐक. ऐकली पण! साहेब निवडून आले. (हशा) त्या पावसाळ्यात घराघरात पाणी शिरलं आणि त्याच चर्चमध्ये त्याच माणसासाठी प्रार्थना काय, तर 'भ्रष्ट राज्यकर्त्यांना सद्बुद्धी'. साहेबाचा मला राग नाही, मतं मागणं त्याचं कामच आहे. राग त्या चिठ्ठीचा. आणि म्हातारीचा विषय निघाला की माझं बीपी अजून वाढतं, म्हणून इथेच थांबतो.

ह्या लोकांच्या प्रार्थना काही हल्लीच्या नाहीत. मधे कित्येक शतकं बंद पडल्या होत्या, 1963 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, उपासनेवरच्या दस्तऐवजात त्या परत सुरू करा म्हणून सांगितलं, आणि राज्यकर्त्यांसाठीही मागा हे त्यात स्पष्ट लिहिलंय. आधार बायबलमधल्या प्रेषित पौलाचा, तीमथ्याला पहिलं पत्र, दुसरा अध्याय, राजांसाठी आणि सगळ्या अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करा. आणि पौलाच्या शेवटच्या वर्षांत रोमच्या गादीवर कोण, तर ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा नीरो! आपल्या नगरसेवकाबद्दल तक्रार करताना एवढं लक्षात ठेवायला हरकत नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिली म्हणतात. ही चिठ्ठी मात्र विशेषणांशिवाय आहे. मग पळतच सांगतो.

दुसऱ्या शतकातला, रोमन साम्राज्यातल्या स्मर्णा शहराचा बिशप पॉलिकार्प. कैसर, म्हणजे रोमचा सम्राट, हाच प्रभू, एवढं म्हण, सोडतो, असं त्याला सांगितलं, तो नाही म्हणाला आणि मेला. पण ह्याच माणसाने फिलिप्पैकरांना लिहिलंय की राजांसाठी, अधिकाऱ्यांसाठी आणि तुमचा छळ करणाऱ्यांसाठीही प्रार्थना करा. म्हणजे प्रार्थना करायची, पण मुजरा नाही करायचा. आणि लांब कशाला जायचं, आपला वसईचा गोन्सालो गार्सिया, 1597 साली जपानात नागासाकीला ज्या 26 जणांना क्रूसावर चढवलं त्यातला एक. त्यांच्यातला पॉल मिकी क्रूसावरून काय म्हणाला, तर ज्याने शिक्षा दिली त्या जपानच्या सत्ताधीशाला, हिदेयोशीला, मी माफ करतो. आपण गोन्सालोचा सण थाटात करतो, बँड, फटाके, सगळं. हा भाग कुणी सांगत नाही.

आता मुद्दा, म्हणजे करायचं काय. निवडून येण्यासाठी मागायचं नाही, कुणासाठीच नाही. साहेब समोर बसलेले असताना त्यांच्या नावाने तर नाहीच नाही, नंतर घरी जाऊन करा. ज्याला मत दिलं नाही त्याच्यासाठी आधी करा, तिथे जीभ अडखळते, अडखळू दे. आणि मुख्य म्हणजे मोघम नको. तो माणूस या आठवड्यात नक्की काय ठरवणार आहे ते बघा आणि तेच मागा. उदाहरण देतो. आपलं बावखल, म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. जून-जुलैत त्यात पाणी साठतं, ते मुरतं, म्हणून समुद्र एवढा जवळ असून एप्रिल-मेपर्यंत विहीर गोडी राहते. बावखल बुजवलं की काही वर्षांत विहीर मचूळ होते आणि टँकर दारात, हे तुम्हाला मी काय सांगायचं, रात्री भरावाचे डंपर तुम्हीच बघता. मग प्रार्थना अशी करा की प्रभो, त्या भरावाचा अर्ज ज्या अधिकाऱ्याच्या टेबलावर आहे त्याच्यावर वरून फोन येणार, त्याला घरदार आहे, बदलीची भीती आहे, त्याला नाही म्हणायचं बळ दे. आता ही प्रार्थना लिहायची तर अर्ज कुठे अडकलाय ते आधी शोधायला लागेल, ऑफिसला फेरी मारायला लागेल, माहितीचा अधिकार वापरायला लागेल. आणि तो अधिकारी भेटला की तोंडावर शिवी येणार नाही, कारण रविवारीच त्याच्यासाठी मागितलंय. अर्थात तरी डंपर आला तर आडवं उभं राहायचंच, प्रार्थना केली म्हणून आंदोलन माफ होत नाही.

वेळ संपली, दिसतंय मला. येत्या रविवारी प्रार्थना कोण लिहिणार आहे? तू का? बरं, तलाठ्यापासून सुरुवात कर, पंचनामे तेच करतात. नाव काय त्यांचं? ...कुणालाच माहीत नाही? अहो, सातबाऱ्यासाठी तर सगळे जाऊन आलात! (हशा) सोमवारी ऑफिसात जाऊन विचारून ये. चला, वडे गार होतायत.