आधी भट्टी, मग फी

मंडळी, नमस्कार. पुढच्या रांगांत बारावीची मुलं आणि मागे त्यांचे आईवडील, अशीच बैठक मला हवी होती. संयोजकांनी विषय दिलाय की बेकिंगमध्ये करिअर करायचं तर आधी कॉलेज की आधी काम. उत्तर मी आत्ताच देऊन टाकते, कारण आपल्या बडोद्यात साडेसातचं व्याख्यान आठला सुरू होतं आणि नऊला सगळ्यांना जेवण आठवतं. आधी भट्टी. निदान सहा महिने, आणि तेही पगार घेऊन. फीचा विचार त्यानंतर.

बारावीचा निकाल लागला की माझ्या बेकरीवर पालक येऊ लागतात. "ताई, कोणतं इन्स्टिट्यूट चांगलं?" फी किती, होस्टेल आहे का, प्लेसमेंट मिळते का, सगळं विचारतात. पोराला पहाटे तीनला उठणं जमेल का, हे विचारत नाहीत. पन्नास किलोचा मैद्याचा कट्टा दोघांत मिळून उचलायचा असतो, मे महिन्यात भट्टीसमोर आठ तास उभं राहायचं असतं, सेवउसळीच्या गाडीवर सकाळी पाव पोचला नाही तर गाडीवाला दुसऱ्या दिवशी दुसरी बेकरी धरतो. हे पोराला आवडेल का? आवडणारी मुलं असतात, मी पाहिली आहेत. पण ते कळण्याआधी काही लाख भरलेले असतात. अशी मुलं माझ्याकडे कामाला येतात. मॅकरॉन इतके देखणे करतात की बघत राहावं, पण एका वेळी दोन किलोच्या वर मैदा कधी मळलेला नसतो. दोष मुलांचा नाही. सहा जणांत एक केक करायला देऊन आणि पाच जणांना वहीत टिपणं काढायला लावून जे प्रमाणपत्र वाटतात, त्यांचा मला मनापासून राग येतो.

आता एक गोष्ट सांगते. आपल्याच गुजरातची आहे. सुरतेत डच लोकांची वखार होती, आणि त्यांना पाव लागायचा म्हणून वखारीत भट्टी होती. त्या भट्टीवर काही पारशी माणसं कामाला होती. डच गेले तेव्हा भट्टी त्यांतल्या एकाच्या, फरामजी पेस्तनजी दोटीवाला यांच्या हाती देऊन गेले, अशी हकिकत सुरतेत सांगतात. फरामजींना कोणी कोर्स दिला नव्हता. त्या काळी तयार यीस्टचं पाकीट कुठलं मिळायला? पीठ ताडीवर आंबवायचे. (ताडीचं नाव काढलं की मागच्या रांगा जाग्या होतात, हे दरवेळी पाहते.) डच गेल्यावर गिऱ्हाईक आटलं. ताडी घातलेला पाव म्हणून गावातले बरेच लोक शिवायचे नाहीत. पाव उरायला लागला आणि उरलेला वाळून कडक व्हायला लागला. दुसऱ्या कोणी टाकून दिला असता. फरामजींनी पाहिलं की वाळलेला पाव लवकर खराब होत नाही, स्वस्तात दिला तर लोक नेतात, आजाऱ्यालाही पचतो. मग ते मुद्दामच भट्टीत वाळवून विकू लागले. सुरती बटर म्हणून आपण चहात बुडवतो तो हाच वंश, आणि नानखटाईचं श्रेयही सुरत याच भट्टीला देते. उरलेल्या मालातून नवा माल काढायची ही नजर रोज संध्याकाळी शिल्लक मोजणाऱ्यालाच येते. वर्गात शिल्लक उरतच नाही, मुलं घरी घेऊन जातात.

म्हणून शाळा नकोच, असं कोणी ऐकलं असेल तर थांबा. भट्टीवर जे कळत नाही तेही सांगते. उन्हाळ्यात आपल्याकडे खोलीचं तापमान ४० अंश, पोत्यातल्या मैद्याचं ३५. पावाचं पीठ मळून २७ अंशांच्या आसपास निघायला हवं, नाहीतर ते धावत सुटतं आणि आंबूस होतं. मग पाणी किती अंशांचं घालायचं? हिशोब असा: खोली, मैदा आणि पाणी अशी तीन तापमानं, म्हणून २७ त्रिक ८१. त्यातून खोलीचे ४० गेले, मैद्याचे ३५ गेले, मिक्सरच्या घर्षणाचे धरा १२. उत्तर येतं उणे ६. उणे ६ अंशांचं पाणी नळाला येत नाही, म्हणून बर्फ. एक ग्रॅम बर्फ नुसता वितळताना ८० कॅलरी उष्णता ओढून घेतो. ५० किलो मैद्याला साडेसत्तावीस किलो पाणी लागतं आणि नळाचं पाणी ३० अंशांचं असतं, असं धरलं तर त्यातलं ९ किलो बर्फ म्हणून घालावं लागतं. आता गंमत पाहा. आमच्याकडचे जुने कारागीर बर्फ अंदाजाने टाकतात, आणि तोलून पाहिलं तर नऊ-दहा किलोच भरतो! त्यांचा हात गणिताइतकाच खरा आहे. पण मिक्सर बदलला, पीठ बदललं, दुसऱ्या गावी गेलं, की त्या हाताला पुन्हा महिनाभर चाचपडावं लागतं. हिशोब येणारा पहिल्याच दिवशी कागद काढतो.

तसंच पोटॅशियम ब्रोमेटचं. कित्येक बेकऱ्यांत ती नुसती 'पावडर' होती, चिमूटभर टाकली की पाव फुगतो एवढंच माहीत. २०१६ मध्ये तिच्यावर बंदी आली तेव्हा अनेक उस्तादांना कळेना की आता करायचं काय. ती पिठातल्या ग्लुटेनला, म्हणजे पाव धरून ठेवणाऱ्या चिवट प्रथिनाला, बळकटी देत होती आणि ते काम ॲस्कॉर्बिक ॲसिड करू शकतं, हे ज्याला माहीत होतं त्याचा पाव बसला नाही.

आणि मंडळी, हात आणि हिशोब एकत्र शिकवायची कल्पना परदेशातून आणायची गरज बडोद्याला नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन हे कारागिरीचं विद्यालय काढलं. ते उभारणारे त्रिभुवनदास गज्जर सुरतेच्या सुतार घराण्यातले आणि विषयाने रसायनशास्त्रज्ञ. मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला कोणी डांबर फासलं, ते शेवटी याच गज्जरांनी उतरवलं. रंगकाम, सुतारकाम, यंत्रकाम तिथे हाताने करत शिकायचं. दादासाहेब फाळके तिथले विद्यार्थी. त्या कलाभवनाच्या शहरात आपण मुलांना 'कारागिरी की शिक्षण' असं विचारतो, याचं मला फार वाईट वाटतं. यावर खूप बोलायचं आहे, पण चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटं.

तर भरभर. भट्टीवर जाताना 'शिकायला येऊ दे, पैशाचं बघू' हे मान्य करू नका. ॲप्रेंटिसशिपचा कायदा १९६१ पासून आहे, त्यात लेखी करार असतो, विद्यावेतन असतं. शेठला एकच प्रश्न विचारा: मुलगा ट्रे धुण्यावरून मळण्यावर कधी येणार, आणि मळण्यावरून भट्टीवर कधी? जिथे वर्षभर ट्रेच धुवायला लावतात, तिथून निघा. अशा बेकऱ्या आहेत, आणि त्या महागड्या कोर्सइतकंच नुकसान करतात.

सहा महिन्यांनी मुलगा टिकला, तर शाळा. ती महागच हवी असं नाही. आयटीआयमध्ये बेकर अँड कन्फेक्शनर हा एक वर्षाचा ट्रेड आहे. सरकारी हॉटेल मॅनेजमेंट संस्थांच्या अभ्यासक्रमांत बेकरी-कन्फेक्शनरीचा दीड वर्षाचा डिप्लोमा आहे, त्यात कारखान्यातलं प्रशिक्षणही येतं. जर्मनीत बेकर होणारी मुलं तीन वर्षं आठवड्याचे बरेचसे दिवस बेकरीत आणि उरलेले शाळेत जातात. तसं जमलं तर सोनंच. मोठं हॉटेल, क्रूझ किंवा परदेश डोक्यात असेल तर कागद लागतोच, तिथे माझा हट्ट नाही.

आणि मुली. हे मी शेवटी ठेवलं नव्हतं, वेळेने ठेवलं. पाव रात्री बनतो, आणि 'रात्रीचं काम, मुलींना नको' म्हणून बहुतेक बेकऱ्या दारातूनच परत पाठवतात. तिच्यासाठी शाळा हेच पहिलं दार ठरतं, म्हणून 'आधी भट्टी' हा माझा नियम तिला लावता येत नाही. नियम बदलायचा नाही, बेकऱ्या बदलायच्या आहेत. सभागृहात तीन-चार बेकरीमालक दिसताहेत. दिवसाची पाळी खारी, बिस्किटं, नानखटाईला चालते, पहिली जागा तिथे द्या. घरी सोडायला गाडी लागली तर तिचा खर्च मालाच्या किमतीत धरा. आमच्याकडे हे सुरू आहे आणि धंदा बुडालेला नाही.

येत्या रविवारी पहाटे चारला आमची भट्टी बघायला कोणीही या. मुलामुलींनी केस बांधून, बंद बूट घालून यावं. पालकांनीही यावं, आणि मुलाला आत सोडून गाडीत झोपू नये.