पंखाखालून सुटतानाचे दोन सेकंद

नमस्कार श्रोतेहो. लढाऊ विमानातून हवेतच सुटणारं, स्वतःची क्षेपणास्त्रं घेऊन पुढे जाणारं बिनवैमानिक विमान, हा आजचा विषय. अमेरिकेच्या दार्पा या संरक्षण-संशोधन संस्थेचा ‘लाँगशॉट’ प्रकल्प २०२१ मध्ये सुरू झाला. सध्या काम जनरल ॲटॉमिक्स या कंपनीकडे आहे.

हेतू साधा आहे. क्षेपणास्त्राची मोटर काही सेकंदच जळते, पुढे ते मिळालेल्या वेगावर जातं. लांबून सोडलं की शेवटी दम संपतो आणि लक्ष्य वळून निसटतं. म्हणून ड्रोन जवळ जाणार आणि वैमानिक मागे राहणार. पुन्हा सांगतो, ड्रोन जवळ, माणूस मागे.

आता माझी आवडती गोष्ट. ३० जुलै १९६६. पॅसिफिक महासागरावर लॉकहीड कंपनीचं एम-२१ विमान ध्वनीच्या तिपटीहून अधिक वेगानं चाललंय. पाठीवर डी-२१ हे हेरगिरीचं ड्रोन. त्याचं रॅमजेट इंजिन वेग असल्याशिवाय चालतच नाही, म्हणून इतक्या वेगात सोडायचं. आधीच्या तीन चाचण्या व्यवस्थित झालेल्या. पुढे वैमानिक बिल पार्क, मागे ड्रोन सोडणारे रे टोरिक. शेजारच्या दुसऱ्या एम-२१ मधून चित्रीकरण चालू. ड्रोन सुटलं, विमानानं उठवलेल्या आघातलहरीत, म्हणजे हवेच्या दाबाच्या तीव्र लाटेत, सापडलं, इंजिन अडखळलं आणि ते मूळ विमानावरच आदळलं. विमानाचे तुकडे झाले! दोघंही बाहेर पडले, समुद्रात उतरले. पार्क वाचले. टोरिक यांच्या पोशाखात पाणी शिरलं, ते बुडाले.

प्रमुख अभियंते केली जॉन्सन यांनी एम-२१ वरून ड्रोन सोडणं तिथंच थांबवलं. (आपण काढलेली योजना आपणच बंद करणारे अधिकारी मला फार आवडतात. असे फार भेटत नाहीत.) पुढे तसंच ड्रोन संथ बी-५२ बॉम्बफेकी विमानाच्या पंखाखालून, वेग देणारं रॉकेट जोडून सोडलं. १९६९ ते १९७१ दरम्यान चीनवर चार फेऱ्या झाल्या, एकीचीही फिल्म हाती लागली नाही.

सोडलेलं ड्रोन हवेतच परत पकडणंही सोपं नाही, पण ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘ग्रेमलिन्स’ प्रकल्पाचं ड्रोन सी-१३० या मालवाहू विमानानं उडतानाच पकडलं. लाँगशॉटच्या क्षेपणास्त्रांची चर्चा होईलच. माझं लक्ष मात्र ड्रोन मूळ विमानापासून सुटतानाच्या दोन सेकंदांवर असेल. नमस्कार.