कोपऱ्यातली राणी

मंडळी, १८ फेब्रुवारी २०२२ ला ब्रिटनच्या रॉयल मेलने सहा टपाल तिकिटांचा एक संच काढला. विषय ना राजा, ना सेनापती. प्रत्येक तिकिटावर एक जुनं तिकीट छापलेलं, आणि ती सगळी जुनी तिकिटं एकाच माणसाच्या हातची. त्या माणसाचं नाव डेव्हिड जेंटलमन. तिकिटं आखणाऱ्याच्याच सन्मानार्थ तिकिटं, असं रॉयल मेलने त्याआधी कधी केलं नव्हतं. जेंटलमन तेव्हा ९१ वर्षांचे होते. मला फार आनंद झाला. आपण जन्मभर तिकिटं जमवतो, पण ती आखली कुणी हे विचारायचं राहूनच जातं.

त्यांचं खरं काम समजायचं तर एक अडचण समजून घ्यायला हवी. तिकीट जगात पहिल्यांदा काढलं ब्रिटनने, १८४० मध्ये, म्हणून त्यांच्या तिकिटावर देशाचं नाव नसतं. राजाचा किंवा राणीचा चेहरा हीच ओळख. १९६० च्या दशकात हा चेहरा म्हणजे राणीचा पाऊण बाजूने घेतलेला फोटो होता. जेंटलमन यांनीच केलेलं १९६४ चं शेक्सपिअरचं तिकीट पाहा. इकडे शेक्सपिअर, तिकडे राणी, आणि नाटकातली पात्रं मधल्या जागेत अंग चोरून बसलेली! एवढ्याशा कागदात चित्रकाराने करायचं काय?

१९६५ मध्ये त्यांनी टपालखात्याचे मंत्री टोनी बेन यांना पत्र लिहिलं. चेहऱ्यामुळे चांगली तिकिटं होत नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. बेन यांना ते पटलं. बिनचेहऱ्याचे नमुने घेऊन ते राजवाड्यात गेले आणि जमिनीवर गुडघे टेकून त्यांनी ते राणीपुढे मांडले. चेहरा काही निघाला नाही. पण जेंटलमन यांनी नाण्यावरच्या मुद्रेवरून राणीची एक छोटी बाजूची आकृती तयार केली होती. राणी कोपऱ्यात गेली, आणि कागद मोकळा झाला.

हे भिंग घ्या आणि १९६६ ची हेस्टिंग्जच्या लढाईची पट्टी बघा. चार पेन्सची सहा तिकिटं एकाला एक जोडून. त्याच लढाईची गोष्ट सांगणाऱ्या, फ्रान्समधल्या बेयूच्या सत्तर मीटर लांब भरतकामातले घोडे, ढाली, पडलेले शिपाई, सगळं एका दमात वाचता येतं. दोन वर्षांपूर्वी हे शक्य नव्हतं.

हात इतका बारीक कसा? लाकडी ठोकळ्यावर कोरण्याची सवय. लंडनच्या चेअरिंग क्रॉस स्टेशनात १९७९ पासून फलाटाची भिंतच्या भिंत त्यांच्या कोरीव चित्रांनी भरली आहे. तळहाताएवढी कोरलेली माणसं तिथे पुरुषभर उंच झाली आहेत, आणि रेघ कुठेही फाटत नाही.

आपल्याकडे चेहऱ्याचा प्रश्न स्वातंत्र्यानेच सोडवला. २१ नोव्हेंबर १९४७ ला साडेतीन आण्यांचं तिकीट आलं, त्यावर तिरंगा आणि ‘जय हिंद’.

आता शेवटचं तिकीट, माझं सर्वांत लाडकं. १९६९, ब्रिटन, गांधी जन्मशताब्दी. हे जेंटलमन यांचं नाही, बंगालमधून तिकडे गेलेल्या बिमान मलिक यांचं आहे. भिंग जरा जवळ धरा: गांधीजी, मागे तिरंगा, आणि राणीचा तो लहानसा चेहरा.