अस्सल बरहुकूम

श्रोतेहो, नमस्कार.

सातबाऱ्याचा हाताने लिहिलेला जुना उतारा पाहिलाय का तुम्ही? तळाशी, तलाठ्याच्या सहीजवळ एक ओळ असते : 'अस्सल बरहुकूम खरी नक्कल'. 'बरहुकूम' म्हणजे प्रमाणे; अस्सलाप्रमाणे केलेली खरी नक्कल. चारच शब्द, पण मला त्या ओळीचं फार अप्रूप वाटतं. एरवी नक्कल म्हटलं की आपल्या मनात खोटेपणाच येतो. इथे मात्र नक्कल आहे आणि ती खरी आहे. ती अस्सल असल्याचा दावा कुणी करत नाही. दप्तरात जे आहे त्याच्याशी ती जुळते, एवढंच म्हणणं.

म्हणजे खरं आणि अस्सल या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. आपण त्या सर्रास एक करतो.

'अस्सल' आला अरबी 'अस्ल'वरून, आणि त्याचा अर्थ मूळ. झाडाचं असतं तसं मूळ. वस्तू कुठून निघाली, ते हा शब्द सांगतो. ती चांगली आहे की वाईट, हे त्यात नाही. म्हणून तर शिवीसुद्धा अस्सल असते! (चोराला मात्र आपण अस्सल नाही, 'अट्टल' म्हणतो.)

हा फरक सर्वांत जास्त कळला तो इतिहासाच्या अभ्यासकांना. वि. का. राजवाडे यांनी 1898 मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनें'चा पहिला खंड काढला. त्यात 1750 ते 1761 या काळातली पत्रं होती. घडामोडी चालू असताना लिहिलेल्या अशा कागदांना त्यांनी मागाहून रचलेल्या बखरींपेक्षा कितीतरी जास्त वजन दिलं. पण पत्र अस्सल असलं, तरी लिहिणाऱ्याला चुकीची बातमी मिळालेली असू शकते. पराभव झाकण्यासाठी तो मुद्दाम खोटंही लिहू शकतो. शाई, कागद, मोडीचं वळण, सगळं त्या काळचं आणि मजकूर खोटा. अशा पत्राला अस्सल म्हणायचंच, त्यातल्या बातमीला खरी म्हणायचं नाही.

आता शेजारचा एक शब्द. हिंदीत 'प्रामाणिक' म्हणजे भरवशाचं, पुराव्याला धरून असलेलं. मराठीत प्रामाणिक असतो माणूस. भाषांतराच्या घाईत 'प्रामाणिक ग्रंथ' असं छापून येतं तेव्हा मला खरोखर वाईट वाटतं. ग्रंथ काय पैसे बुडवणार आहे? तिथे 'प्रमाणभूत' म्हणावं, किंवा सरळ 'विश्वसनीय'. 'असली'चंही तेच. हिंदीत तो खरेपणाचा शिक्का. आपल्याकडे 'असली कामं मला सांगू नका' म्हणताना नाक मुरडलेलं असतं.

अलीकडे माणसाच्या बाबतीतही 'अस्सलपणा' म्हणतात : स्वतःशी खरं राहणं, या अर्थाने. शब्द वाईट नाही, पण मला तो तिथे अडखळतो. कागदाशी ताडायला दप्तर असतं. माणूस कशाशी ताडायचा? त्याचं मूळ दप्तर कुणाच्या ताब्यात आहे? बोलीभाषेने यावर केव्हाच तोड काढली आहे. ती म्हणते, 'तो आतबाहेर एक आहे.' बाहेरचं ताडायचं ते त्याच्याच आतल्याशी, आणि ती नक्कल खरी असल्याची सही करणारा तलाठीही तोच.

नमस्कार.